मिरवणुकीने पळवलेले आजोबा

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात ते मी ऐकलं. धाकट्याचं म्हणणं, आजोबा सायकलवरून भाईंदरहून चिपळूणला गेले आणि सायकलवरूनच परत आले. मोठीचं म्हणणं, शेवटी ते टेम्पोत बसून आले, कारण फोटोत ते टेम्पोतच दिसतात, खुर्चीवर, गळ्यात हार घालून. फोटो खोटा नाही आणि धाकटाही खोटं बोलत नाही. हे मी फोनवर सांगायला गेले तर तुमची जेवायची वेळ झाली. म्हणून आता सगळं लिहून पाठवते. मी आयुष्यभर ऑफिसात साहेबांची पत्रं टाइप केली आहेत, त्यामुळे आधीचं आधी आणि नंतरचं नंतर लिहायची सवय आहे. शेवटचं पान आधी वाचू नका.

तुमची आई लग्न होऊन तिकडे गेली, त्याच्या पुढच्या वर्षी आजोबांना थकवा यायला लागला. कारखान्यातून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्हाला वाटलं, रिकामपणाचा थकवा असेल. पण पोटाच्या डाव्या बाजूला काहीतरी जड जड वाटतंय म्हणायला लागले, पॅंट कमरेत सैल व्हायला लागली, तेव्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे, पण सावकाश चालणाऱ्या जातीचा.

"सावकाश ना? मग माझ्याच स्वभावाचा आहे," आजोबा म्हणाले. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

तुम्ही आमचं भाईंदरचं, नवघरमधलं जुनं घर पाहिलेलं नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना असा अरुंद की कपाट आणायचं तर दोरीने खिडकीतून वर ओढायचं. आजोबांना तेव्हा पाच पायऱ्या उतरल्या की धाप लागायची. मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि खालच्या मजल्यावरचा एक रिक्षावाला असे दोघं हातात हात गुंफायचे, त्या हातांवर आजोबांना बसवायचे आणि खाली न्यायचे. तपासणीचा दिवस आला की सेक्रेटरी गोदीतल्या नोकरीवर उशिरा जायचे, पण आजोबांना उतरवल्याशिवाय जायचे नाहीत. रत्नागिरीकडचे गृहस्थ, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. प्रत्येक मजल्यावर ओरडायचे, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, काका येतायत!" मग ज्यांना दार उघडायचं नव्हतं तेही दार उघडून बघायचे.

आजोबा त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. मी एकदा विचारलं, चक्कर येते का? म्हणाले, "नाही गं. लोक बघतात ते मला दिसू नये म्हणून."

अशी दोन वर्षं गेल्यावर त्यांना एक गोळी सुरू झाली. तेव्हा ती नवीनच आली होती. रोज जेवणानंतर घ्यायची, एवढंच. काही महिन्यांत रक्ताचे आकडे खाली आले, पोटातलं जडपण गेलं, आणि एका सकाळी मी दूध तापवत असताना दार वाजलं तर आजोबा बाहेर उभे, हातात कोथिंबीर. कुणालाही न सांगता एकटेच खाली जाऊन वर आले होते. कोथिंबीर घरात होती. मी तीही निवडायला घेतली.

गोळीच्या डबीत एक लांबलचक घडीचा कागद असायचा, इंग्रजीत. माझं शिक्षण गिरगावात नन्सच्या शाळेत झालं, त्यामुळे घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे. आजोबांनी तो कागद माझ्याकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतला. मग विचारलं, "हे कुणीतरी बसून शोधलं असणार, नाही का?"

"शोधलं असणार म्हणजे काय, आभाळातून पडलं का? वर्षानुवर्षं लागतात."

"आणि तोपर्यंत त्यांचा खर्च कोण करतं?"

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला. त्यामुळे पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा भिंतीवर जे पत्रक होतं ते मला दिसलंच नाही, त्यांना दिसलं. रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी जमवायचा म्हणून एक तरुण डॉक्टरबाई सायकलवाल्यांना घेऊन चिपळूणला जाणार आणि परत येणार होत्या. निघायचं आणि पोचायचं दोन्ही भाईंदरला, कारण डॉक्टरबाई आमच्याच भागातल्या आणि नवघरचं एक मैदान त्यांना मिळालं होतं. प्रत्येक सायकलस्वाराने आपल्या ओळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे काहीतरी कबूल करून घ्यायचं. जेवढं अंतर तो स्वतः सायकलने जाईल तेवढ्याचेच पैसे.

आजोबांनी तीस वर्षं कारखान्यात जायला सायकलच वापरली होती. तरी मी डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले. मला वाटलं, ते नको म्हणतील आणि विषय संपेल. त्यांनी रिपोर्ट पाहिले, छाती तपासली आणि म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. पाणी भरपूर प्यायचं, गोळी चुकवायची नाही, आणि दमले तर थांबायचं." घरी येताना आजोबा रिक्षात शीळ घालत होते.

सोसायटीत बातमी गेली. सेक्रेटरींनी जिन्याच्या तोंडाशी फळ्यावर खडूने लिहिलं: आपले काका चिपळूणला सायकलने. लोकांनी आनंदाने नावं दिली. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या बेन अडून बसल्या. त्या घरी खाकरे करून विकायच्या, आणि हिशेबाच्या बाबतीत त्यांना फसवणं कुणाला जमलं नव्हतं.

"काका, पेशंटला द्यायचा असेल तर हमणां देते. पण रिसर्च म्हणजे शूं? ते लोक पैसा उंदरांना खिलवणार!"

"बेन, माझी गोळी पण आधी उंदरांनीच खाल्ली," आजोबा म्हणाले. "त्यांना पचली म्हणून मला मिळाली."

बेननी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "तो लिखो मेरा नाम. उंदर के लिए नहीं हां, आपके लिए."

आता नियम सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरच झाला. चढ आला तर उतरून सायकल हातात धरून चालत नेली तरी चालत होतं. कितीही वेळ लागला तरी चालत होतं. पण गाडीत बसायचं नाही. सगळ्यांच्या मागे एक गाडी असायची. जो थकेल त्याला ती उचलायची, आणि उचलल्यापासूनचं अंतर त्याच्या नावावर धरायचं नाही. तपासायला कुणी नव्हतं. ज्याने त्याने आपलं आपण खरं सांगायचं. या मागच्या गाडीत केळी, मीठ-साखरेचं पाणी, चिक्की, पट्ट्या आणि मलम सांभाळायला कुणीतरी हवं होतं. ते काम मी मागून घेतलं. आजोबांनी मला एकच गोष्ट बजावली.

"तू गाडीत बस. पण मला बोलवू नकोस. मी तोंडाने बसतो म्हटलं तरी बसवू नकोस."

"चक्कर आली तर?"

"चक्कर आली तर रस्त्याच्या कडेला बसेन. गाडीत नाही. मला आता कुणी उचलून न्यायला नकोय."

हे ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

दोन महिने रोज सकाळी सराव. कधी घोडबंदरच्या खाडीपर्यंत, कधी मोरव्यावरून उत्तनला समुद्रापर्यंत. उत्तनला एका दारात एक ख्रिस्ती म्हातारी सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकत बसलेली असायची. आजोबा तिच्याकडे पाणी मागायचे. चार-पाच दिवसांनी तिने विचारलं, "बाबा, तुला घरी काय काम न्हाय काय?" आजोबांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजारी व्हतास तवा बी असाच हट्टी व्हतास काय?" घरी येऊन त्यांनी मला विचारलं, मी हट्टी आहे का. मी म्हटलं, ती बाई पाच दिवसांत ओळखते, मला तर जन्म गेला.

डिसेंबरात निघालो. वाटेतलं फार लिहीत नाही, कारण सायकलीच्या मागून जाणाऱ्या गाडीतून सायकलस्वाराची पाठ दिसते, दुसरं काही दिसत नाही. आठवडाभर मी आजोबांची पाठ पाहिली. पिवळा टीशर्ट, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली माकडटोपी. बाकी सगळे तरुण, पुढे निघून जायचे; आजोबा रोज शेवटचे. पेणच्या पुढे एका पोरीने त्यांना विचारलं, "अंकल, आर यू ओके?" तर त्यांनी मराठीत उत्तर दिलं, "मला कुठे गाडी पकडायचीय?" कशेडीच्या घाटात ते जवळजवळ सगळा चढ चालत गेले. आमचा ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, "आजी, याच्यापेक्षा मी गाडी ढकलत नेली असती." चिपळूणला पोचल्यावर आजोबांनी फक्त गरम पाणी मागितलं आणि त्यात पाय बुडवून बसल्या बसल्या झोपले. तरी परतीच्या वाटेवर त्यांचा वेग थोडा वाढला, हे मला पाठीवरून कळत होतं.

शेवटच्या दिवशी पनवेलहून निघालो. ठाण्यात पोचेपर्यंत दुपार टळली. बाकीचे सायकलवाले तोवर मैदानावर पोचलेही होते. मी मोबाइलवरून सेक्रेटरींना कळवलं की आम्ही येतोय.

"काकू, घोडबंदरला किती वाजता पोचाल?"

"ते काय सांगता येतं?"

"अंदाजे हो! पाच? साडेपाच? हायवेच्या बाजूने ना? काका पुढे की तुमची गाडी पुढे?"

एवढ्या चौकश्या ऐकून माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा उरलेली केळी मोजत होते.

गायमुखच्या पुढे घाटात एक ट्रेलर आडवा झाला. आजोबा सायकल घेऊन कडेने निघून गेले, आम्ही अडकलो. मोकळे होऊन घोडबंदरला खाली उतरलो तर चौकात आजोबा नाहीत. मी ड्रायव्हरला म्हटलं, पुढे गेले असतील. तो म्हणाला, "आजी, सात दिवसांत ते कधी पुढे गेले?" मग मात्र मी उतरले. पानाच्या टपरीवर विचारलं, पिवळा टीशर्ट घातलेले, वयस्कर, सायकलवर?

"वो बुढे बाबा? उनको तो टेम्पो में डाल के ले गए, आंटी."

"कोण घेऊन गेलं?"

"पता नहीं. बहुत लोग थे. बँजो बज रहा था."

मी क्षणभर नाही नाही त्या कल्पना केल्या. अपघात झाला, चक्कर आली. पण अपघात झालेल्या माणसाला कुणी बँजो वाजवत नेत नाही.

आम्ही काशिमिऱ्याच्या अलीकडे त्यांना गाठलं. पुढे एक टेम्पो, त्यात बँजो पार्टी. आपल्याकडे गणपतीला आणि लग्नाला असते ती: एकजण बँजो छेडतोय, दोघं ढोल बडवतायत, कर्णा छपराला बांधलेला. त्याच्या मागे दुसरा टेम्पो, चारी बाजूंनी झेंडूच्या माळा. मधोमध सोसायटीच्या ऑफिसातली हातांची खुर्ची, तिच्यावर चादर, आणि त्यावर तुमचे आजोबा. हार इतके घातले होते की नाकापर्यंत आले होते. सायकल टेम्पोच्या टपावर, तिलाही हार. आजूबाजूला आमची अर्धी सोसायटी नाचत होती. मोठीने पाहिलेला फोटो तिथला आहे. त्यात आजोबांचा एक हात वर आहे ना? तो नमस्कार नाही. ते "थांबा" म्हणत होते. त्यांनी हात वर केला की लोकांना वाटायचं काका खुश आहेत, आणि ढोल आणखी जोरात व्हायचा.

मी आमची गाडी पुढे घ्यायला लावली, उतरले आणि टेम्पोसमोर उभी राहिले. माझ्या मागे हायवेवर हॉर्न वाजायला लागले. बँजोवाल्याने मला बघून नवरीकडची समजून आणखी एक धून सुरू केली.

"बंद करा ते!"

आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यात ओरडले असेन. बँजो थांबला. त्या शांततेत आजोबांचा आवाज आला, बसका, ओरडून ओरडून गेलेला. "अगं, मला उतरव."

सेक्रेटरी धावत आले. नवा सदरा, कपाळाला गुलाल. "काय झालं काकू? काकांना त्रास होतोय काय?"

"त्यांना गाडीत बसायचं नव्हतं हो. नियम आहे. जिथून बसले तिथून पुढचं धरत नाहीत."

"अहो, सात-आठ किलोमीटर! पाचशेच्या वर झाले आणि सात-आठसाठी काय? आणि ही काय गाडी आहे? ही मिरवणूक आहे!"

त्यांनी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि आमच्या देखत सगळं सांगितलं. मग फोन आजोबांकडे दिला. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "काका, तुम्ही पूर्णच केलंत. मी तसंच धरते. या तुम्ही आरामात, सगळे वाट बघतायत."

म्हणजे सुटका झाली होती. कुणाचीही हरकत नव्हती. मलाही वाटलं, बसू द्या आता, संध्याकाळ होत आली आहे, माणूस थकलाय. आजोबांनी फोन परत दिला, गळ्यातले हार एकेक करून काढले आणि नीट खुर्चीच्या पाठीवर ठेवले. मग टेम्पोचं फळकूट धरून स्वतः खाली उतरले. अर्धा तास बसल्याने पाय आखडले होते. जमिनीवर टेकल्यावर जरा डुलले. सेक्रेटरींचे हात आपोआप पुढे आले.

"नको," आजोबा म्हणाले. "माझी सायकल काढून द्या. मी घोडबंदरपासून परत येतो."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांनी आठवडाभर वर्गणी काढून ही तयारी केली होती. बँजोवाला त्यांच्याच गावचा, खास बोलावलेला. ते रागावले नाहीत, त्यांना लागलं.

"काका, दोन वर्षं आम्ही तुम्हाला उचललं. तेव्हा तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत. आज आनंदाने उचललं तर आमचे हात नको झाले?"

आजोबा सेक्रेटरींच्या जवळ गेले. इतके जवळ की मी पुढे सरकले तरी त्यांचं बोलणं जेमतेम कानावर आलं.

"तेव्हा मला चालता येत नव्हतं. तुम्ही नसतात तर मी वरच राहिलो असतो. पण आता येतंय. हे मला कुणाला दाखवायचं होतं? चिपळूणच्या लोकांना? मी सबंध वाट हाच विचार करत आलो, की मैदानाच्या फाटकातून मी सायकलवर बसून आत येईन आणि तुम्ही समोर उभे असाल. तुम्ही बघायला हवं होतं. आणि तुम्ही तर मला अर्ध्या वाटेत न्यायला आलात."

सेक्रेटरींनी खिशातून रुमाल काढला आणि गुलाल पुसायचं निमित्त करून तोंड पुसलं. गुलाल डोळ्यांत गेला. "च्यायला," ते म्हणाले, आणि मग वळून ओरडले, तोच जिन्यातला आवाज. "ए, सायकल काढा खाली! टेम्पो फिरवा! सगळे फिरवा! घोडबंदर!"

"साहेब, आम्हाला रात्री साखरपुडा आहे," बँजोवाला म्हणाला.

"रात्री आहे ना? अजून उजेड आहे. चल, फिरव."

टेम्पो वळवताना आणखी एक अडचण निघाली. सजवलेली खुर्ची मोकळी राहणार. कुणी म्हणालं काढून ठेवा, कुणी म्हणालं तिच्यावर हेल्मेट ठेवा. तेवढ्यात बेन पुढे आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, नाचता येत नव्हतं, आणि इथपर्यंत त्या टेम्पोच्या मागून लंगडत आल्या होत्या.

"इतना खर्चा किया है, खाली जायेगा? मला चढवा. हूं बेसी जाऊं."

चौघांनी बेनना चढवलं. त्यांनी हार नीट गळ्यात घातले, पदर सारखा केला आणि विचारलं, "फोटो नहीं निकालना?" सगळ्यांना फिरायची घाई होती, कुणी काढला नाही.

घोडबंदरच्या टपरीपाशी आम्ही सगळे परत आलो. पानवाला बाहेर येऊन उभा राहिला. आजोबांनी सायकलच्या दांड्यावरून पाय टाकायचा प्रयत्न केला, पाय वर जाईना. दुसऱ्यांदा केला, तेव्हाही नाही. मी गाडीच्या दाराची मूठ घट्ट धरून बसले होते. उतरून मदत करावी की नाही, हे मला कळत नव्हतं, आणि सेक्रेटरी तर हात पाठीमागे बांधून उभे होते, कुणीतरी हातकडी घातल्यासारखे. मग आजोबांनी सायकल हातात धरली आणि चालायला सुरुवात केली. पहिला चढ ते चालतच गेले. त्यांच्या मागे अख्खी सोसायटी चालत, कुणी बोलत नाही, बँजोवालेही मुके. एखाद्या मयताला चाललेत असं लांबून वाटलं असतं, जर टेम्पोत बेन हसत बसलेल्या नसत्या.

चढ संपला. आजोबा थांबले, सायकल बरीचशी आडवी केली, पाय ओढून पलीकडे टाकला आणि बसले. सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि सरळ झाली.

"वाजवू काय?" बँजोवाल्याने हळूच विचारलं.

"हळू वाजव," सेक्रेटरी म्हणाले. "काकांच्या वेगाने."

आठवडाभर आजोबा सगळ्यांच्या मागे होते. आता त्यांच्या मागे दोन टेम्पो, आमची गाडी, आमची सोसायटी, आणि ज्यांना पुढे जाता येत नव्हतं अशा रिक्षा आणि ट्रक. नाचणाऱ्यांची पंचाईत झाली होती. इतक्या संथ तालावर कसं नाचायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते फक्त चालत होते आणि मधूनमधून हात हलवत होते. आजोबा मान वळवून सांगायचे, "त्यांना पुढे जाऊ द्या, खोळंबवू नका." काशिमिऱ्याहून उजवीकडे वळलो. दिवे लागले होते. दुकानांतून लोक बाहेर येऊन विचारायचे, कुणाची वरात आहे? टेम्पोत बसलेल्या बेनकडे बघून ते आणखीच गोंधळायचे.

नवघरच्या मैदानाशी सेक्रेटरी अचानक पळायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट सावरत, आम्हा सगळ्यांना मागे टाकून पळाले आणि फाटकातून आत जाऊन समोर उभे राहिले. तिथे उभं राहून धापा टाकत आजोबांकडे बघत राहिले.

आजोबा सायकलवर बसून फाटकातून आत आले. डॉक्टरबाई आणि इतर सायकलवाले टाळ्या वाजवत होते, पण आजोबा तिकडे बघत नव्हते. ते सरळ सेक्रेटरींपाशी आले, ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर टेकला, मग दुसरा, आणि सायकल त्यांच्या हातात दिली.

"पाहिलंत?"

"पाहिलं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना दम लागला होता, आजोबांपेक्षा जास्त.

मग आजोबांनी हेल्मेट काढलं. ते म्हणाले, "आता मला जरा खुर्ची द्या कुणीतरी." चार माणसं टेम्पोकडे धावली. पण बेन खुर्चीत ठाण मांडून बसल्या होत्या, त्यांच्या हातात कुणीतरी सरबताचा ग्लास दिला होता, आणि अर्ध्या वाटेवर ज्यांनी फोटो काढायला टाळाटाळ केली ते सगळे आता त्यांचा फोटो काढत होते. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. आजोबा जाऊन टेम्पोच्या फळकुटावर बसले, पाय खाली सोडून, आणि मी राहिलेली केळी वाटायला घेतली.